चार बिऱ्हाडांचं ब्राउनस्टोन घ्यायचंय? आधी तळघरातले मीटर मोजा

प्रश्न मोठा होता, थोडक्यात इथे लिहिते म्हणजे पुढचं कळेल. नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, सध्या जर्सी सिटीत भाड्याने, मुलगा चार वर्षांचा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या बेड-स्टाय ह्या भागात १८९९ सालचं एक ब्राउनस्टोन, म्हणजे पुढून तपकिरी दगड लावलेलं जुनं विटांचं घर, बघितलंय, २० फूट रुंद, ४५ फूट खोल, रस्त्यावरून दिसणारे चार मजले आणि त्याखाली तळघर. जाहिरातीत 'फोर फॅमिली' लिहिलंय, मागणी १६ लाख डॉलरची. खालच्या दोन मजल्यांवर भाडेकरू आहेत, वरचे दोन रिकामे. ह्यांचा बेत असा की खालचे दोन मजले जोडून आपण राहायचं म्हणजे मागचं अंगण मिळेल, वरचे दोन भाड्याने द्यायचे, भाड्यात हप्ता बराचसा सुटेल, घर हळूहळू नीट करू, एरिया तर वर येतोच आहे. ब्रोकर म्हणतो घराची हाडं चांगली आहेत. घ्यावं का?

मी स्ट्रक्चरल इंजिनियर, मूळची कोल्हापूरची, गेली एकोणीस वर्षं ह्याच असल्या घरांच्या तळघरात आणि गच्चीवर आयुष्य चाललंय, आणि २०११ मध्ये स्वतःही एक तीन बिऱ्हाडांचं घेतलं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पोळलेली आहे. माझं उत्तर आधीच सांगते: घर घेता येईल, पण तुमचा बेत उलटा करून. खालच्यांना खाली राहू द्या, वरचे दोन रिकामे मजले जोडून तुम्ही राहा. हे जमत नसेल, अंगण हवंच असेल, तर हे घर सोडा आणि दुसरं बघा. का ते सांगते, जरा लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे ते 'फोर फॅमिली'. जाहिरातीत काय लिहिलंय त्याला काडीचा अर्थ नाही, कायद्याने ते घर किती बिऱ्हाडांचं आहे हे शहराच्या कागदावर बघायचं. मागे एका जोडप्याबरोबर मी असंच घर बघायला गेले होते, कागदावर तीन फॅमिली. ब्रोकर वर फायरप्लेसचं कौतुक करत होता, मी सरळ तळघरात उतरले. विजेचे मीटर पाच. एकावर मार्करने '३ आर' लिहिलेलं, म्हणजे तिसरा मजला, रिअर, मागची बाजू. वर जाऊन तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीतलं कपाट उघडलं तर आत सिंक, दोन बर्नरची शेगडी, आणि भिंतीवर तेलाच्या वाफेचा चिकट पिवळा पट्टा. म्हणजे तिथे कोणीतरी वर्षानुवर्षं स्वयंपाक करत होतं, आणि शहराच्या दप्तरी ते बिऱ्हाड अस्तित्वातच नव्हतं. ब्रोकरला विचारलं तर म्हणे ते स्टोरेज आहे. अहो, स्टोरेजमध्ये फोडणी कोण घालतं?

तर, १९३८ नंतर बांधलेल्या घरांना सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी, म्हणजे आपल्याकडचा भोगवटा दाखला, असायलाच लागतो. तुमचं १८९९ चं, त्यामुळे मधे कधी मोठा बदल झाला नसेल तर तो नसेलही, आणि नसणं बेकायदा नाही. अशा वेळी हाउसिंग खात्याकडे, एचपीडीकडे, जुनं आय-कार्ड असतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेनमेंटचे इन्स्पेक्टर घरोघर फिरून हाताने भरायचे ते कार्ड, कुठल्या मजल्यावर किती बिऱ्हाडं, संडास कुठे, खोल्या किती. एचपीडीच्या साइटवर पत्ता टाकला की स्कॅन बघायला मिळतो, फुकट. मी दर वेळी आधी ते बघते मग घर. त्यावर 'रूमिंग हाउस' किंवा 'क्लास बी' असं काही दिसलं तर थांबा, कारण मंदीच्या काळात आणि नंतरही ही घरं खोली-खोलीने भाड्याने दिली जायची, आणि असं घर पुन्हा साध्या बिऱ्हाडांचं करायला एचपीडीचं 'सर्टिफिकेट ऑफ नो हॅरासमेंट' लागतं, म्हणजे मागच्या तीन वर्षांत तिथल्या राहणाऱ्यांना कोणी त्रास देऊन हुसकावलं नाही ना ह्याची चौकशी होते. त्रास मालकाने दिला असेल, तुम्ही नंतर विकत घेतलं असेल, तरी अडकता तुम्हीच.

आणि आकडा सहा झाला की सगळा खेळच बदलतो. १९७४ च्या आधी बांधलेलं आणि सहा किंवा जास्त बिऱ्हाडांचं घर हे रेंट स्टॅबिलायझेशनखाली येतं, म्हणजे भाडं किती वाढवायचं आणि भाडेकरूला कधी काढायचं ह्यावर कायद्याचं बंधन. आज चारच दिसतायत म्हणून निवांत राहू नका, पूर्वी सहा होती आणि मग भिंती पाडून चार केली असं असेल तर संरक्षण सहजासहजी जात नाही. म्हणून राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडून, डीएचसीआरकडून, भाड्याचा इतिहास मागवायचा. तो मालकाने किंवा भाडेकरूनेच मागवायचा असतो, मग विकणाऱ्याला सांगा मागव म्हणून, काँट्रॅक्टच्या आधी. का-कू करायला लागला तर समजून घ्या.

आता भाडेकरू. तुम्ही लिहिलंय की तुमचे बाबा फोनवर म्हणाले, भाडेकरू असलेलं घर म्हणजे पागडीचं दुखणं. बाबांचं पूर्ण चूक नाही पण इथली गोष्ट थोडी वेगळी आहे. चार बिऱ्हाडांच्या घरात रेंट स्टॅबिलायझेशन सहसा नसतं, आणि २०२४ चा 'गुड कॉज' कायदा आला, म्हणजे सबळ कारणाशिवाय भाडेकरूला काढायचं नाही, त्यातही मालक स्वतः राहत असेल आणि घर दहा बिऱ्हाडांपर्यंतचं असेल तर सूट आहे. म्हणजे कायद्याने तुम्ही लीज संपल्यावर नोटीस देऊ शकता, दोन वर्षांहून जास्त राहिलेल्याला ९० दिवसांची. कागदावर सोपं वाटतं ना? प्रत्यक्षात नोटीस संपली आणि माणूस उठला नाही तर हाउसिंग कोर्ट, आणि तिथे महिने नाही, कधीकधी वर्ष जातं, तोवर हप्ता, टॅक्स, इन्शुरन्स, हीटिंग सगळं तुमच्या खिशातून. ब्रोकर हळूच म्हणेल 'डिलिव्हर्ड व्हेकंट करून देतो', म्हणजे घर रिकामं करून तुमच्या ताब्यात. ते कसं रिकामं केलं हे विचारलंत का? पैसे देऊन, समजुतीने, लेखी करार करून होत असेल तर ठीक, जानेवारीत बॉयलर बंद ठेवून होत असेल तर ते पाप तुमच्या दारातून आत येणार. एकदा भाडेकरूने पैसे घेऊन जायला लेखी नकार दिला की त्यानंतर १८० दिवस पुन्हा विषय काढायचा नाही असाही नियम आहे, आणि तो मोडणं हॅरासमेंटमध्ये धरतात.

तुमच्या प्रश्नात तुम्ही ओझरतं लिहिलंय की तळाच्या मजल्यावर एक सत्तरीच्या बाई आहेत, बार्बेडोसच्या, तीस वर्षं झाली राहतायत. माझं ऐकाल तर दुसऱ्यांदा घर बघायला जाल तेव्हा ब्रोकरला बाहेर स्टूपवर, म्हणजे पुढच्या दगडी पायऱ्यांवर, उभा करा आणि त्यांच्याकडे दहा मिनिटं बसा. मी अशाच एका आजींकडे बसले होते. इन्स्पेक्टरने चाळीस पानी रिपोर्ट दिलेला, त्यात मागच्या भिंतीबद्दल 'समाधानकारक' लिहिलेलं. आजींनी उठून ओट्याखालून एक ॲल्युमिनियमचं पातेलं काढलं, मागच्या खिडकीपाशी नेऊन जमिनीवर ठेवलं, बरोब्बर जिथे लाकडावर त्याच्या बुडाचा गोल डाग उठला होता तिथे. म्हणाल्या, ईशान्येकडून पाऊस आला की इथे, बाकी पावसात काही नाही. त्या एका वाक्यावरून आम्हाला कळलं की पाणी छतातून येत नाही, खिडकीवरच्या लिंटेलमधून, म्हणजे वरच्या विटा पेलणाऱ्या आडव्या पट्टीतून, येतंय. त्या लिंटेलचं पुढे काय निघालं ते खाली सांगते.

आधी एरियाबद्दल, कारण 'वर येतोय' हा शब्द मला जरा खुपतो. १९३६ मध्ये फुल्टन स्ट्रीटखालून ए ट्रेन सुरू झाली, हार्लेमहून कृष्णवर्णीय कुटुंबं इकडे यायला लागली, आणि १९३८ च्या सुमाराला सरकारी कर्जसंस्थेने जे नकाशे रंगवले त्यात बेड-स्टायला लाल रंग दिला, म्हणजे इथे कर्ज देऊ नका. पुढची कित्येक वर्षं बँकांनी ह्या घरांना पैसे दिले नाहीत. मालकांनी मग स्वतःच्या पगारातून, खोल्या भाड्याने देऊन, नातेवाइकांत भिशी लावून, वेस्ट इंडियन लोकांत तिला 'सूसू' म्हणतात, घरं घेतली आणि टिकवली. आता गंमत बघा. ब्रोकर तुम्हाला जे दाखवतो ना, मूळचे सरकते लाकडी दरवाजे, महोगनीच्या जिन्याचा कठडा, छताला प्लास्टरची नक्षी, 'ओरिजिनल डीटेल्स' म्हणून दीड-दोन लाख जास्त मागतो, ते उरलंय कशामुळे? १९६० मध्ये ते सगळं उखडून फॉर्मायका लावायला बँकेने कर्ज दिलं नाही म्हणून. आणि भिंतीत कापड गुंडाळलेली जुनी वायर आहे, नळ गॅल्वनाइज्ड आहेत, ते पण त्याच कारणाने. म्हणजे ज्या नकाशाने ती माणसं अडवली त्याच्याच पुण्याईवर आज घराची किंमत वाढलीय. हे मी तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून नाही सांगत, मी स्वतः तशाच घरात राहते. पण ब्लॉकवरच्या आज्या तुमच्याकडे कशा बघतील हे आधी माहीत असलेलं बरं, आणि ब्लॉक असोसिएशनची मीटिंग असेल तर पहिल्या महिन्यात जा, डंपस्टर लावायच्या आधी.

ह्याचाच एक व्यवहारी भाग आहे. अशी बरीच घरं १९५०-६० मध्ये घेतलेली, मूळ मालक गेले, मुलं-नातवंडं जॉर्जियात नाहीतर नॉर्थ कॅरोलिनात. आपल्याकडे सात-बारावर सगळे वारस चढलेत का बघतो तसंच इथे बघायचं. शहराच्या अक्रिस नावाच्या साइटवर १९६६ पासूनचे ब्रुकलिनचे सगळे डीड, म्हणजे खरेदीखतं, आहेत, मागची साखळी वाचा. दोन वर्षांपूर्वी कुठल्यातरी एलएलसीच्या, म्हणजे खासगी कंपनीच्या, नावावर किरकोळ किमतीला गेलंय आणि आता १६ लाखाला येतंय असं दिसलं तर वकिलाला दाखवा. ह्या भागात म्हाताऱ्या लोकांना फसवून सह्या घेऊन घरं लाटायचे प्रकार इतके झाले की न्यूयॉर्क राज्याने २०२४ मध्ये डीड चोरी हा फौजदारी गुन्हा केला. टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकी हक्काचा विमा, घ्यालच, पण त्यावर सोडून देऊ नका.

हां, आता हाडं.

ह्या घरांचं तंत्र समजलं की अर्धी भीती जाते. दोन्ही शेजाऱ्यांशी सामाईक विटांच्या पार्टी वॉल, आणि त्या दोन भिंतींच्या मधे, अठरा-एकोणीस फूट, लाकडी जॉइस्ट म्हणजे तुळया टाकलेल्या, टोकं विटांच्या खोबणीत. सगळं वजन बाजूच्या भिंतींवर. पुढची आणि मागची भिंत ह्या तुळयांना समांतर, त्यामुळे त्यांना कोणी धरून ठेवलेलं नसतं, बहुतेक नुसत्या उभ्या असतात. म्हणून मागची भिंत मधे फुगते, गरोदर बाईसारखी. मागच्या अंगणात भिंतीला गाल लावून वर बघायचं, फुगवटा लगेच दिसतो. थोडा असेल आणि जुना असेल तर लोखंडी सळ्या आणि बाहेरून चांदणीच्या आकाराचे प्लेट लावून धरता येतो, विटांच्या दरजा उघडून भिंत चालायला लागली असेल तर पाडून बांधावी लागते. ते पातेल्यावाल्या आजींचं घर दुसऱ्या प्रकारातलं निघालं. लिंटेल कुजून वरच्या विटा खाली बसलेल्या, आणि त्यावर आधीच्या कोणीतरी छान सिमेंट थापलेलं.

त्या सिमेंटबद्दल बोलायलाच हवं. ही घरं चुन्यात बांधलेली, वीट मऊ. चुना दमट होतो, वाळतो, श्वास घेतो. मग कोणी स्वस्तातला काँट्रॅक्टर येतो, दरजा खरवडून त्यात पोर्टलँड सिमेंट भरतो, दोन वर्षं भिंत नवीकोरी दिसते. पण आता पाणी दरजेतून बाहेर पडू शकत नाही, ते विटेतून पडतं, थंडीत गोठतं, आणि विटेचा चेहराच सुटून येतो. भिंतीत राखाडी, कडक, फुगीर रेघा दिसल्या आणि मधल्या विटा खोल गेलेल्या दिसल्या की ओळखायचं. आपल्याकडच्या जुन्या दगडी वाड्यांना सिमेंटचा गिलावा करतात आणि मग आतून लोणा फुटतो, तोच प्रकार.

पुढचा तपकिरी दगड तर नुसता मुखवटा आहे, मागे वीटच. बराचसा कनेटिकटमधल्या पोर्टलँडच्या खाणीतला वाळूचा दगड, थरांचा, आणि तो बसवताना थर उभे ठेवून बसवला, त्यामुळे कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो. स्टूपच्या पायऱ्या आणि खिडक्यांच्या कडा आधी जातात. दुरुस्ती म्हणजे सैल दगड तासून रंगाच्या मिश्रणाने पुन्हा घडवणं, खर्चिक आहे पण घर पडत नाही त्याने. फक्त पत्ता लँडमार्क डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे वारसा म्हणून जपलेल्या भागात, येतो का बघा, स्टायवेसंट हाइट्सचा भाग १९७१ पासून आहे आणि २०१३ मध्ये वाढवला, त्यात असाल तर पुढची खिडकी बदलायलासुद्धा परवानगी. मला तो जाच वाटत नाही, त्याच्यामुळेच शेजारी काचेचा डबा उभा राहत नाही.

आत गेलात की जिन्याजवळ उभे राहा. सगळ्या घरांत जमीन तिकडेच कललेली असते, कारण जिन्यासाठी तुळया कापून मधे आडवी टाकलेली असते आणि सव्वाशे वर्षांत ती बसत जाते. इंच-दीड इंच बसली असेल, दारांच्या चौकटी तिरक्या आणि दारं वरून कापलेली असतील, तर ते म्हातारपण आहे, आजार नाही. पण कोणी 'ओपन प्लॅन' करायला जिन्यालगतची भिंत काढली असेल तर मला बोलवा. ती भिंत मुळात नुसत्या पार्टिशनची, पण तुळया बसत बसत तिच्यावर टेकतात, आणि सत्तर-ऐंशी वर्षांनी ती खरंच भार उचलत असते. नकाशात बघून 'नॉन-बेअरिंग' म्हणणारा माणूस चूक नसतो, फक्त तो १८९९ मध्ये जगत असतो.

आणि प्लंबर. ह्या घरांचा सगळ्यात मोठा शत्रू वाळवी नाही, प्लंबर आहे. माझ्याच घराची गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमची फरशी जरा दबते असं वाटायचं, मी इंजिनियर असून म्हटलं चालतंय. खालचं छत उघडलं तर संडासाच्या पाइपसाठी लागोपाठ तीन तुळया वरून निम्म्याहून जास्त खाचलेल्या, टब पाण्याने भरला की ते सगळं वजन चार इंच लाकडावर. आणि पार्टी वॉलकडची दोन टोकं कोळसा झालेली, कधीतरी चुलीच्या धुराड्याजवळ आग लागलेली, वर प्लास्टर करून विषय संपवलेला. तीन तुळयांना जोड देणं हे काम चार दिवसांचं, पण तोपर्यंत बाथरूम, त्याखालचं स्वयंपाकघर आणि वरचा प्लंबिंग स्टॅक सगळंच उघडं पडलं आणि चार दिवसांचे चार महिने झाले. म्हणून घर घ्यायच्या आधी विकणाऱ्याकडून परवानगी घेऊन निदान एका बाथरूमखालचं छत फूटभर उघडून बघा. नाही म्हणाला तर तेवढे पैसे किमतीत धरा.

सांडपाण्याची लाइन कॅमेऱ्याने बघायची, हे मी २०११ मध्ये केलं नाही. घरापासून रस्त्यातल्या मोठ्या गटारापर्यंतची लाइन मालकाची, शहराची नाही. माझी फुटपाथच्या खाली फुटलेली होती. ते पैसे मी ज्या स्वयंपाकघरासाठी ठेवले होते ते स्वयंपाकघर पाच वर्षांनी झालं. पिण्याच्या पाण्याची लाइनही तशीच मालकाची, आणि १९६१ पर्यंत शिशाच्या लाइन चालायच्या, तळघरात पुढच्या भिंतीतून पाइप येतो तिथे नाण्याने खरवडून बघा, मऊ आणि चकचकीत निघाला तर शिसं. मुलगा चार वर्षांचा आहे म्हणून हे नीट ऐका: पाइपपेक्षा रंग जास्त धोक्याचा. १९६० आधीच्या तीन किंवा जास्त बिऱ्हाडांच्या घरात भाडेकरूकडे सहा वर्षांखालचं मूल असेल तर शिशाच्या रंगाची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, पण मालकाच्या स्वतःच्या मुलाला कायदा काय करणार. काम चालू असताना, खिडक्यांच्या चौकटी घासल्या जात असताना त्या घरात मुलाला घेऊन राहायचं नाही. 'हळूहळू नीट करू' हा तुमचा शब्द मला इथेच नकोसा वाटतो. धुळीची, भिंत उघडायची सगळी कामं राहायला जाण्याआधी एकदाच करा, मग रंग, कपाटं, बागकाम वर्षानुवर्षं करत बसा.

पैशाचं थोडक्यात, कारण तुमची एक्सेल शीट छान आहे, फक्त तीन ठिकाणी चुकलीय. एक, एक ते तीन फॅमिलीचं घर टॅक्स क्लास १ मध्ये येतं, तिथे टॅक्ससाठी धरलेली किंमत वर्षाला ६ आणि पाच वर्षांत २० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. चार फॅमिली झाली की क्लास २ चा पोटवर्ग, तिथे मर्यादा ८ आणि ३० टक्के, आणि मुळात बिलच जास्त. म्हणजे दोन मजले जोडून कागदोपत्री रीतसर चाराचं तीन केलंत तर पुढे फायदा आहे, पण त्याला आर्किटेक्ट, नवा ऑक्युपन्सी दाखला आणि कदाचित स्प्रिंकलर लागतील. माझा हिशोब असा की घर दहा वर्षं ठेवणार असाल तरच हे करण्यात अर्थ. दोन, भाडं शंभर टक्के धरू नका, बँकसुद्धा ७५ टक्केच धरते. तीन, हीटिंग तुम्ही भाडेकरूच्या नावावर टाकलंय. तळघरात एकच स्टीम बॉयलर असेल तर तेल किंवा गॅसचं बिल तुमचं, आणि १ ऑक्टोबर ते ३१ मे घर गरम ठेवायची जबाबदारीही तुमची, दिवसा ६८ फॅरनहाइट, रात्री ६२.

कामाचा खर्च? चार मजले मिळून ३६०० स्क्वेअर फूट. आज पूर्ण उघडून करायचं तर स्क्वेअर फुटाला तीनशे डॉलरच्या खाली कोणी बोलला तर मी संशय घेईन. म्हणजे सगळं घर एकदम करायला दहा लाखांच्या पुढे, ते तुमच्याकडे नाहीत, म्हणून पण वरचे दोन मजलेच आधी. आलेल्या आकड्यावर २० टक्के वेगळे काढून ठेवा आणि त्याला हात लावायचा नाही असं नवरा-बायकोत ठरवा. काम चालू असताना साधी घराची पॉलिसी चालत नाही, बिल्डर्स रिस्क घ्या. ॲस्बेस्टॉसच्या तपासणीचा एसीपी-५ फॉर्म झाल्याशिवाय परमिट मिळत नाही, त्याला वेळ द्या. बिनपरमिटचं काम करून देतो म्हणणारा काँट्रॅक्टर, मग तो कितीही आपला माणूस असो, गणपतीत आरतीला शेजारी उभा असो, नको. दंड आणि स्टॉप वर्क ऑर्डर मालकाच्या नावावर येते.

तर आता वरच्या मजल्यांचं. तुम्हाला वाटतंय वर राहिलो तर अंगण गेलं आणि जिने चढायचे. खरंय. पण वरच्या मजल्यांवर उजेड सगळ्यात चांगला, जिन्यावर स्कायलाइट असतोच, तो नीट केला की दुपारी दिवा लागत नाही. छप्पर तुमच्या डोक्यावर असलं की गळती तुम्हाला पहिली कळते. भिंती उघडून तुळया, वायरिंग, पाइप सगळं रिकाम्या मजल्यांवर करता येतं, खाली कोणाला हलवावं लागत नाही आणि त्यांचं भाडं पहिल्या महिन्यापासून चालू राहतं. अंगणाचं तळाच्या मजल्यावरच्या त्या बार्बेडोसच्या आजींशी बोला, त्यांनी टोमॅटो आणि मिरच्या लावल्या असतील तर एक वाफा मुलासाठी मागा. मी पण असंच सुरू केलं होतं.

शनिवारी पुन्हा जाताय म्हणालात ना, तर टॉर्च घेऊन आधी तळघरात उतरा. विजेचे मीटर मोजा, गॅसचे मोजा, दोन्हींचे फोटो काढा. मागच्या अंगणातून भिंतीचा एक फोटो, कडेने, समोरून नको. आजींना विचारा पाणी कुठून येतं आणि बॉयलर मागच्या थंडीत किती वेळा बंद पडला. त्याआधी आज रात्री एचपीडीच्या साइटवर पत्ता टाकून आय-कार्ड काढा, हस्ताक्षर गिचमिड असतं, बिऱ्हाडांचा आकडा बघा. तो आकडा आणि मीटरचा आकडा, दोन्ही इथेच खाली लिहा, मग ऑफर किती द्यायची त्यावर बोलू.